धुक्यात विमान उतरतं, मग उडत का नाही?

जानेवारीत दिल्लीहून पुण्याला येणारं सकाळी सातचं विमान साडेबाराला सुटलं, आणि त्या साडेपाच तासांत पडलेले प्रश्न तुम्ही नेमकेपणाने विचारलेत. ते थोडक्यात पुन्हा मांडतो. कॅप्टनने सांगितलं की टेकऑफला १२५ मीटर दृश्यमानता लागते आणि सध्या १०० आहे. पण तुम्ही मोबाइलवर बघत होतात तर त्याच वेळी विमानं उतरत होती. उतरणं जास्त अवघड असं आपण सगळे ऐकत आलोय, मग उडायला काय अडचण होती? दुसरं, तुमच्या डोळ्यांसमोर एक विमान उडालंसुद्धा. मग आपला वैमानिक भित्रा होता का? आणि तिसरं, दोन तास इंजिनं चालू ठेवून उभं राहिल्यावर विमान परत बेवर, म्हणजे उभं करायच्या जागी, नेलं आणि वैमानिक बदलले. सोबत वयस्कर आई होती, तेव्हा तुमचा संयम सुटला.

मी बावीस वर्षं विमानं चालवतोय, त्यातली पंधरा कॅप्टन म्हणून, बहुतेक सगळी एअरबसच्या ए-३२० विमानांवर. दिल्लीचे डिसेंबर-जानेवारी दरवर्षी वाट्याला येतात. तुमच्या कॅप्टनच्या मनात त्या दिवशी काय होतं ते मला ठाऊक नाही. पण त्या खुर्चीत बसल्यावर कोणत्या क्रमाने विचार करावा लागतो ते सांगू शकतो.

तुमच्या प्रश्नामागे एक समजूत आहे: समोर दिसलं की विमान उडवता येतं, दिसलं नाही की नाही. खरं तर विमान हवेत गेल्यावर बाहेर काहीही दिसलं नाही तरी आमचं अडत नाही. ढगात शिरल्यावर तासन् तास आम्ही समोरच्या पडद्यावरच्या आकड्यांवरच उडत असतो. धावपट्टीवर दिसावं लागतं ते विमान सरळ ठेवण्यासाठी आणि वेळ आलीच तर थांबवण्यासाठी. धुक्यात टेकऑफ करायचा की नाही, हे ठरवताना मी स्वतःला दोन गोष्टी विचारतो. अर्ध्या धावेत काही बिघडलं तर मला थांबता येईल का? आणि थांबायची वेळ टळून गेल्यावर बिघडलं तर उतरायला जागा आहे का?

आधी हे १२५ मीटर म्हणजे काय ते बघू. बातम्यांत 'दिल्लीत दृश्यमानता ५० मीटर' असं येतं ती हवामानाच्या नोंदीतली सर्वसाधारण दृश्यमानता. आमचा आकडा वेगळा असतो, त्याला आरव्हीआर म्हणतात, म्हणजे रनवे व्हिज्युअल रेंज. धावपट्टीच्या मध्यरेषेवर असलेल्या वैमानिकाला तिथल्या खुणा किंवा दिवे किती लांबपर्यंत दिसतील, त्याचं हे माप. धावपट्टीच्या बाजूला सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटाकडे उपकरणं बसवलेली असतात. धुक्यातले थेंब प्रकाश किती अडवतात ते मोजून, त्यात दिव्यांची तीव्रता धरून हा आकडा निघतो. धावपट्टीचे दिवे प्रखर असतात, त्यामुळे अंधारात आरव्हीआर साध्या दृश्यमानतेच्या दुपटीवरही जातो. टीव्हीवर ५० आणि टॉवरकडून १२५, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

टॉवर तीन आकडे एका दमात सांगतो, समजा १५०, १२५, १००. टेकऑफला तिन्ही ठिकाणचे आकडे निदान मर्यादेइतके लागतात. प्रवाशांना हे कोणी सांगत नाही. जिथे विमान उभं आहे तिथे स्वच्छ दिसत असलं तरी दीड-दोन किलोमीटर पुढे, जिथे मी कदाचित ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगात असेन आणि ब्रेक दाबत असेन, तिथे काय आहे ते जास्त महत्त्वाचं. दिल्लीची सर्वांत लांब धावपट्टी ४,४३० मीटर आहे. एवढ्या लांबीत धुकं सगळीकडे सारखं नसतं, पट्ट्यापट्ट्यांनी असतं आणि मिनिटामिनिटाला सरकतं.

आता उतरण्याचं. दिल्लीत कॅट थ्री बी म्हणून ओळखली जाणारी यंत्रणा आहे. धावपट्टीजवळचे अँटेना रेडिओ लहरींनी हवेत एक अदृश्य उतार आखून देतात, विमानातले दोन ऑटोपायलट तो पकडतात, धावपट्टीवर विमान टेकवतात आणि टेकल्यावर मध्यरेषेवर धरून वेगही कमी करतात. विमान, वैमानिक आणि विमानतळ तिन्ही त्यासाठी मंजूर असतील तर आरव्हीआर ५० मीटरपर्यंत खाली आला तरी उतरता येतं. साध्या कॅट वन पद्धतीत याच कामाला ५५० मीटर लागतात आणि जमिनीपासून २०० फुटांवर असताना वैमानिकाला डोळ्यांनी दिवे किंवा धावपट्टी दिसावी लागते. ५० मीटरच्या धुक्यात विमान उतरवतं ते यंत्र. आम्ही दोघं प्रत्येक पडदा, प्रत्येक इशारा डोळ्यांत तेल घालून बघत असतो आणि कुठे जरा काही खटकलं की पुन्हा वर जातो.

टेकऑफ मात्र हाताने होतो. ए-३२०मध्ये जमीन सोडून १०० फूट वर गेल्याशिवाय ऑटोपायलट लावताच येत नाही. एअरबसने डिसेंबर २०१९मध्ये तुलूझला एका ए-३५० विमानाचा कॅमेऱ्यांच्या मदतीने आपोआप टेकऑफ करून दाखवला, पण ती चाचणी होती. तुमच्या-माझ्या रोजच्या विमानात धावपट्टीवर सरळ रेष धरण्याचं काम आजही कॅप्टनचे दोन डोळे आणि दोन पाय करतात. डोळे मध्यरेषेच्या दिव्यांवर आणि पाय रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलवर.

यातले आकडे जरा जवळून बघा. अशा धावपट्टीवर मध्यरेषेचे दिवे एकमेकांपासून १५ मीटरवर असतात. १२५ मीटर दिसतंय म्हणजे समोर जेमतेम आठ दिवे. त्यातला पहिला विमानाच्या नाकाखाली झाकला जातो, म्हणजे हाताशी उरतात सात. आता वेग घ्या. ज्या वेगापर्यंत थांबायचा निर्णय घेता येतो त्याला व्ही वन म्हणतात. ए-३२०ला तो वजन, वारा आणि धावपट्टीप्रमाणे बदलतो. उदाहरणादाखल १४० नॉट धरू. सेकंदाला ७२ मीटर झाले. १२५ मीटरचं अंतर पावणेदोन सेकंदांत संपतं. मला जेवढं दिसतंय ते दोन सेकंदांच्या आत माझ्या चाकांखालून निघून गेलेलं असतं.

हे कसं वाटतं ते सिम्युलेटरमधल्या प्रसंगावरून सांगतो, कारण प्रत्यक्षात देवाच्या कृपेने ते मी कधी अनुभवलं नाही. ठरावीक महिन्यांनी आमची परीक्षा होते. आरव्हीआर १२५, रात्र, ओली धावपट्टी. मी थ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर, लावतो, दिवे एकेक करून नाकाखाली जायला लागतात, मग त्यांची एक सलग धार होते. शेजारचा सहवैमानिक 'वन हंड्रेड' म्हणतो, म्हणजे वेग १०० नॉट झाला. त्यानंतर काही सेकंदांत परीक्षक मागून बटण दाबतो आणि डावं इंजिन जातं. आवाजाच्या आधी कळतं ते दिव्यांवरून: धार काचेत उजवीकडे सरकते, म्हणजे नाक डावीकडे निघालंय. उजवा पाय आपसूक आत जावा लागतो, विचार करायला वेळच नसतो. धावपट्टी ४५ मीटर रुंद असेल तर मधोमध असताना कड दोन्ही बाजूंना साडेबावीस मीटरवर आहे. त्याच वेळी तोंडातून 'स्टॉप' निघालं पाहिजे आणि उजव्या हाताने थ्रस्ट लिव्हर मागे आल्या पाहिजेत. मग साधारण किलोमीटरभर विमान थांबत राहतं, आणि तो सगळा वेळ ते सात-आठ दिवे सोडायचे नाहीत. शेवटच्या ९०० मीटरमध्ये पांढऱ्यात तांबडे दिवे मिसळतात आणि शेवटचे ३०० मीटर नुसते तांबडे. धुक्यात धावपट्टीचा शेवट दिसत नाही, तो रंगावरून कळतो. तांबडे सुरू झाले आणि विमान अजून पळतंय, हे मी सिम्युलेटरमध्ये बघितलंय. तो रंग विसरता येत नाही.

१२५ ही मर्यादा यातून आली आहे. सुरुवातीला निदान ९० मीटरचा पट्टा कॉकपिटमधून दिसलाच पाहिजे, मध्यरेषेचे दिवे १५ मीटरच्या आत, कडेचे ६० मीटरच्या आत, अशा अटी त्या आकड्याला जोडलेल्या असतात. दिव्यांची एक ओळ बंद असली की मर्यादा वाढते. ज्या विमानांत डोळ्यांसमोर पारदर्शक पडदा असतो आणि त्यावर मध्यरेषेचं मार्गदर्शन मिळतं, त्यांना काही ठिकाणी ७५ मीटरपर्यंत परवानगी असते. आमच्या पडद्यावरही विमान रेडिओ लहरींनी आखलेल्या मध्यरेषेवर आहे की नाही ते दाखवणारी छोटी हिरवी पट्टी येते. मी ती आधार म्हणून बघतो, पण रेष धरतो ती दिव्यांवरूनच.

आणखी एक फरक आहे, जो मला सगळ्यांत मोठा वाटतो. उतरणाऱ्या विमानाचा वेग टेकल्यावर दर सेकंदाला कमी होत जातो, टाकीतलं बरंचसं इंधन संपलेलं असतं, आणि टेकण्याआधी शंका आली तर वर जायची वाट मोकळी असते. उडणाऱ्या विमानाचा वेग दर सेकंदाला वाढतो, टाकी भरलेली असते आणि व्ही वन ओलांडल्यावर थांबायची वाट बंद होते. म्हणून 'उतरणं अवघड, उडणं सोपं' हे स्वच्छ हवेत बरोबर असलं तरी दाट धुक्यात तसं धरून चालत नाही.

आता दुसरी गोष्ट, परतीची. समजा मी १२५ मीटरमध्ये उडालो आणि ५०० फुटांवर इंजिनला आग लागल्याचा इशारा आला. कुठे जाऊ? ज्या विमानतळावरून निघालो तिथे परत उतरण्याइतकं हवामान नसेल, किंवा त्या बिघाडानंतर विमान धुक्यात आपोआप उतरण्याच्या लायकीचं राहिलं नसेल, तर मला दुसरा विमानतळ हवा. याला टेकऑफ अल्टरनेट म्हणतात. दोन इंजिनांच्या विमानाला तो एका इंजिनावर साधारण तासाभराच्या अंतरात लागतो आणि तिथलं हवामान चांगलं असावं लागतं. दिल्लीहून जयपूर सोयीचं, हवाईमार्गाने अडीचशे किलोमीटरच्या आत. पण थंडीतलं धुकं फक्त दिल्लीवर नसतं, पंजाबपासून बिहारपर्यंत उत्तरेच्या मैदानावर त्याची चादर पसरलेली असते. अमृतसर, लखनौ, वाराणसी एकाच सकाळी बंद असतात, आणि एखाद्या दिवशी जयपूरही त्यात सापडतं. अशा दिवशी दिल्लीचा आरव्हीआर २०० असला तरी माझा टेकऑफ होत नाही. प्रवाशाला खिडकीतून धावपट्टीचे दिवे दिसत असतात आणि कॅप्टन हलत नाही. त्याचं कारण जयपूरच्या हवामानात असतं. घोषणेत हे सांगितलं जात नाही. सांगायला हवं असं माझं मत आहे.

टेकऑफच्या आधीचा भागही यात येतो. मला विचाराल तर धुक्यातलं सगळ्यांत जोखमीचं काम म्हणजे बेपासून धावपट्टीपर्यंत जाणं. ८ ऑक्टोबर २००१ला मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटं जेट चुकीच्या टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेवर, वळलं आणि टेकऑफ करणाऱ्या एमडी-८७ या प्रवासी विमानाच्या समोर आलं. ११८ माणसं गेली. जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार त्या दिवशी वापरात नव्हतं. त्याआधी वर्षभर, ३१ ऑक्टोबर २०००ला तैपेईत वादळी पावसात एक जंबो शेजारच्या, दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवरून उडायला निघालं आणि तिथल्या बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं, ८३ जण गेले. त्या विमानाच्या कॉकपिटमध्ये तीन वैमानिक होते.

माझीही एकदा चूक झाली होती, म्हणून हे पोटतिडकीने सांगतोय. उत्तरेतल्या एका विमानतळावर, धुक्याच्या सकाळी, मी एक वळण आधीच घेतलं. शेजारचा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, नकाशावर बोट ठेवून प्रत्येक टॅक्सीवेचं नाव मोठ्याने म्हणत होता. तो म्हणाला, "सर, ब्राव्हो यायला हवं होतं, हे चार्ली दिसतंय." मी जागीच ब्रेक लावला आणि टॉवरला सांगितलं की आम्ही कुठे आहोत याची खात्री नाही. पुढे वाट दाखवणारी पिवळी गाडी येईपर्यंत वीस मिनिटं हललो नाही. मागे चार विमानं खोळंबली. त्या मुलाने संकोच केला असता तर काय, हा विचार आजही मनात येतो. तेव्हापासून धुक्यात निघताना शेजारच्याला मी पहिलं वाक्य सांगतो: शंका आली तर आधी 'थांबा' म्हण, कारण मागाहून सांग.

म्हणून धुक्यात धावपट्टीपर्यंत जाताना विमानाचा वेग माणूस पळेल तेवढाच ठेवतो. हिरव्या दिव्यांच्या ओळीमागून जायचं, तांबड्या दिव्यांची आडवी पट्टी पेटलेली असेल तर टॉवरने तोंडी परवानगी दिली तरी ओलांडायची नाही, आधी ती विझवून घ्यायची. धावपट्टीवर वळल्यावर कंपास आणि रेडिओ मध्यरेषा धावपट्टीच्या नावातल्या दिशेशी जुळते का ते बघायचं. विमान धावपट्टीपासून नेहमीपेक्षा बरंच मागे उभं करावं लागतं, कारण उभ्या विमानाच्या धातूमुळे उतरणाऱ्यांच्या रेडिओ लहरी बिघडू शकतात. दोन विमानांमधलं अंतर वाढवतात. तासाला निघणाऱ्या विमानांची संख्या त्यामुळे घटते. एकट्या धुक्यामुळे तुमचा अर्धा तास गेला असेल तर रांगेमुळे आणखी दीड तास जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, शेजारचं विमान उडालं त्याचा. याची कारणं खरोखर परिस्थितीवर अवलंबून असतात. त्यांची मर्यादा वेगळी असू शकते, कारण कमी दृश्यमानतेत टेकऑफचं प्रशिक्षण दोन्ही वैमानिकांचं पूर्ण असावं लागतं, आणि ते नसेल तर त्या जोडीला जास्त मीटर लागतात. त्यांची धावपट्टी वेगळी असेल. त्यांच्या विमानात सगळं चालू असेल आणि तुमच्या विमानात एखादी गोष्ट दुरुस्तीच्या यादीत असेल, जी एरवी चालते पण धुक्यात चालत नाही. किंवा त्यांच्या वेळेला तीन मिनिटांसाठी आकडे १५०, १५०, १२५ झाले असतील आणि तुमचा नंबर येईपर्यंत १००वर आले असतील. हे शेवटचं फार वेळा होतं. दिल्लीत कंट्रोलर प्रत्येकाला त्याची मर्यादा विचारून घेतात आणि त्याप्रमाणे रांग लावतात. पण टॉवरची परवानगी ही धावपट्टी मोकळी असल्याची असते. त्या दृश्यमानतेत जायचं की नाही, हा निर्णय कॅप्टनचा.

मी नवा फर्स्ट ऑफिसर असताना असाच एकदा धावपट्टीवर उभा होतो. आकडे जेमतेम १२५ सांगितले, आमच्या पुढचा उडून गेला होता. मी म्हणालो, "सर, मिनिमा आहे," म्हणजे किमान लागतं तेवढं आहे. माझे कॅप्टन काही बोलले नाहीत. त्यांनी बोटाने काचेवर दिवे मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजले, पुन्हा पाचच. मग टॉवरला सांगून त्यांनी विमान पुढच्या वाटेने बाहेर काढलं. उपकरण कडेला असतं, आपण मधोमध असतो, आणि दोघांमध्ये धुक्याचा एक लोट येऊ शकतो, एवढंच ते मला म्हणाले. त्या दिवशी आम्ही आणखी चाळीस मिनिटं थांबलो. आकडा आणि डोळे यांचं पटलं नाही तर मी डोळ्यांचं ऐकतो, पण एकाच दिशेने. डोळ्यांना जास्त दिसतंय म्हणून मी आकड्याच्या खाली कधी जात नाही.

मुंबईचं उदाहरण देतो, म्हणजे 'परिस्थितीवर अवलंबून' याचा अर्थ स्पष्ट होईल. जुलैमध्ये मुंबईत जोराची सर आली की दृश्यमानता ५००-६०० मीटरवर येते. आकडा दिल्लीच्या चौपट, तरी मी बऱ्याचदा थांबतो. तिथे मला मीटरची चिंता नसते. धावपट्टीवर तीन मिलिमीटरहून जास्त पाणी साचलं की चाकं तरंगू शकतात आणि ब्रेकचे हिशोब बदलतात, आडवा वारा असतो, सरीच्या तोंडावर वारा एकदम फिरतो. आणि सर पंधरा-वीस मिनिटांत पुढे सरकते, म्हणून थांबणं स्वस्त पडतं. धुक्यात याच्या उलट. वारा जवळजवळ नसतो, धावपट्टी फार तर ओलसर असते, पण थांबणं किती लांबेल याचा भरवसा नाही. सूर्य उगवला की धुकं जाईल असं प्रवाशांना वाटतं. उजाडल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास ते उलट दाटतं, कारण जमीन जराशी तापून हवा ढवळली जाते आणि खालचा ओलावा वर पसरतो. सातच्या विमानाच्या नशिबी नेमकी तीच वेळ येते. उत्तरेला जाणाऱ्या माझ्या नातेवाइकांना मी जानेवारीत दुपारचीच तिकिटं काढायला सांगतो.

राहिला तिसरा प्रश्न, परत बेवर का नेलं. ए-३२० जमिनीवर दोन्ही इंजिनं चालू ठेवून मिनिटाला दहा-बारा किलो इंधन जाळतं. दोन तासांत जवळजवळ सव्वा ते दीड टन. हे इंधन पुण्यापर्यंत जायचं, तिथे उतरता आलं नाही तर दुसरीकडे जायचं, आणि वर राखीव, यातूनच जात असतं. एका मर्यादेच्या खाली आल्यावर धुकं उठलं तरी मला उडता येत नाही, परत येऊन भरावंच लागतं. आधी परत गेलो असतो तर रांगेतला नंबर गेला असता, म्हणून कॅप्टन ती मर्यादा येईपर्यंत थांबतो. तुम्हाला ते दोन तास वाया गेल्यासारखे वाटले, पण तुमचा नंबर टिकवण्यासाठीच तो थांबला असणार.

आणि वैमानिक बदलले, कारण आमच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. ती रिपोर्टिंगच्या वेळेपासून मोजली जाते, उड्डाणापासून नाही. सातच्या विमानासाठी ते दोघं पहाटे साडेतीन-चारला उठलेले असणार, किंवा रात्रीच एक फेरी करून आलेले. कॅप्टनला थोडी मुदत वाढवून घेता येते, पण ती घ्यायची की नाही हे त्याने आपल्या थकव्याकडे बघून ठरवायचं असतं. २७ मार्च १९७७ला तेनेरिफ बेटावर दोन जंबो धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा अपघात. धावपट्टीवर ढग उतरला होता. टेकऑफची परवानगी मिळाली नव्हती तरी एका विमानाच्या कॅप्टनने थ्रस्ट लावला, समोर धावपट्टीवर दुसरं विमान होतं. तो अननुभवी नव्हता, कंपनीत इतर वैमानिकांना शिकवणारा होता. त्याच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान बाजूला झालं नाही का, असं विचारलं होतं. आणि कामाचे तास संपायच्या आत निघायची घाई त्या दिवशी त्या क्रूच्या डोक्यावर होती. आमच्या प्रशिक्षणात हा अपघात पुन्हा पुन्हा शिकवला जातो. धुकं, घाई आणि थकवा यांतलं एखादं आम्ही सांभाळू शकतो, तिन्ही एकत्र आली की अनुभवी माणूसही चुकतो.

जानेवारी २०२४मध्ये दिल्लीहून गोव्याला निघालेल्या विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर एका प्रवाशाने हात टाकला होता. त्या रागामागचा त्रास मला कळतो. बंद विमानात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन, काही न कळता बसून राहणं ही शिक्षाच आहे, आणि प्रवाशांना वेळेवर खरं कारण सांगण्यात आम्ही कमी पडतो. पण त्या घोषणेमागे कोणीतरी बरोबर निर्णय घेतलेला असतो.

बेवर आलेल्या नव्या कॅप्टनने तुमच्याकडे बघून घाई केली नसेल. आधीच्याने ठरवलेलं तो पुढे चालवत नाही. इंधन किती, तिन्ही आरव्हीआर किती, जयपूर कसं आहे, विमानात काय बंद आहे, पुण्याला काय चाललंय, हे सगळं तो पहिल्यापासून बघतो आणि मग स्वतःचा निर्णय घेतो. तुमचा साडेबाराचा टेकऑफ झाला तोवर आरव्हीआर बहुधा हजाराच्या पलीकडे गेला असेल, आणि त्याला दिवे मोजावे न लागता पुढे लांबपर्यंत धावपट्टीवरची पांढरी रेघ दिसली असेल.